प्रार्थनास्थळांचे अनुदान आणि हिशोब

माननीय संपादक, स.न.वि.वि.

शहरातील धार्मिक संस्थांना खासगी प्रतिष्ठानांकडून मिळणारे अनुदान हा केवळ श्रद्धेचा विषय नाही. ज्या वास्तूत सकाळी प्रार्थना होते, तिच्याच तळघरात सायंकाळी गरजूंना जेवण मिळते आणि मुलांचे अभ्यासवर्ग भरतात. पाणी झिरपू लागले, की आधी तीच खोली बंद पडते. तरीही देणगीदारांचा ओढा नव्या उपक्रमांकडेच अधिक असतो.

अमेरिकेत १९३७ साली इंडियानापोलिस येथे स्थापन झालेल्या लिली एन्डोमेंट या खासगी देणगीदार संस्थेने शिक्षण व समाजविकासाबरोबर धर्म हेही आपले कार्यक्षेत्र मानले. तिच्या पाठबळावर २०१६ मध्ये जुन्या प्रार्थनास्थळांच्या दुरुस्तीसाठी राष्ट्रीय निधी सुरू झाला आणि त्यात लाभार्थी संस्थेलाही स्वतःचा वाटा उभारावा लागतो. ही अट मला मोलाची वाटते, कारण त्यामुळे वास्तूची जबाबदारी तिथे येणाऱ्यांकडेच राहते.

खंत आहे ती हिशोबाची. तेथील खासगी प्रतिष्ठानांना आपण दिलेले प्रत्येक अनुदान वार्षिक विवरणपत्रात जाहीर करावे लागते, चर्चना मात्र तसे विवरणपत्र भरण्यातून सूट आहे. पैसा कोणी दिला हे कळते. तो कसा खर्चला हे लोकांना सांगण्याची तशी सक्ती नाही. म्हणून खर्चाचा तपशील दर्शनी फलकावर लावण्याची अट अनुदानाच्या करारातच असावी. आणि जिथे एकच माणूस प्रार्थना, हिशोब व पत्रव्यवहार सांभाळतो, अशा लहान संस्थांकडे प्रतिष्ठानांनी स्वतः माणूस पाठवून अर्ज भरून घ्यावेत.

– एक वाचक