‘यॉटसाठी सुरक्षित टेंडर’ म्हणून विकलेल्या डिंगीबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: २.३ मीटरच्या फुगवायच्या डिंगीतील (छोट्या होडीतील) दोष आणि चुकीचे वर्णन

महोदय,

आपल्या माहितीपत्रकात ही डिंगी ‘यॉटसाठी सुरक्षित टेंडर, तीन माणसांसाठी’ म्हणून दिली आहे. ती हलकी आहे, घडी आटोपशीर होते, हे मान्य. पण टेंडर म्हणजे यॉटसोबतची ने-आण करणारी छोटी होडी. तिला नांगरलेल्या यॉटपासून किनाऱ्यापर्यंत माणसे आणि सामान न्यायचे असते, तेही अंधारात, उलट्या वाऱ्यात. त्या कामाला ही डिंगी उतरत नाही.

सर्वांत गंभीर दोष ओढदोराच्या, म्हणजे डिंगी मागे ओढून नेण्याच्या दोराच्या, कड्यांचा. नाळेजवळ, म्हणजे पुढच्या टोकाला, हवेच्या ट्यूबवर ठिगळाने चिकटवलेल्या दोन डी-कड्यांपैकी (डी आकाराच्या कड्यांपैकी) डावी कडी ठिगळासकट सुटली. ठिगळ फाटलेले नाही. गोंदाचा अख्खा थर ठिगळाच्या पाठीला आहे आणि ट्यूब खाली कोरी, गुळगुळीत. म्हणजे गोंदाने ट्यूबला धरलेच नाही. पीव्हीसी आधी सॉल्व्हंटने पुसून त्यावर दोन घटकांचा पॉलियुरेथेन गोंद लावावा लागतो. हवा दमट असेल तर तोही कच्चा बसतो. उजव्या ठिगळाची कडही नखाने उचलली जाते, त्यामुळे हा एकाच ठिगळाचा दोष नाही. एक कडी सुटली की सगळा ओढ दुसरीवर येतो, डिंगी तिरकी धावते आणि लाटेत उलटू शकते.

दुसरा दोष बाहेरून दिसत नाही. ट्यूबमध्ये हवेचे दोन कप्पे आहेत आणि त्यांच्यामध्ये पडदा. दोन्ही कप्पे सावलीत, उन्हाने दाब बदलू नये म्हणून, भरले. पडद्यावर ताण नको म्हणून अर्ध्याच दाबाने. एकाचा व्हॉल्व्ह उघडल्यावर अर्ध्या तासात दुसराही मऊ पडला. साबणाच्या पाण्याने बाहेर कुठेही बुडबुडा आला नाही. अर्थात मधला पडदा गळतो. एक कप्पा फुटला तरी दुसऱ्याने तरंगत ठेवावे, यासाठीच तर दोन कप्पे असतात!

तीन माणसांचा दावाही टिकत नाही. डिंगीवरच्या माहितीच्या प्लेटवर एकूण भार २९० किलो आहे. माणशी ७५ किलो धरले तर उरतात ६५, आणि त्यात इंजिन, इंधन, पाण्याचे कॅन, सगळे आले. वजनापेक्षा अडचण जागेची आहे. तिसरा माणूस मागे बसला की वल्ह्याच्या मुठी त्याच्या गुडघ्यांवर आपटतात आणि वल्हवणाऱ्याला पुढे झुकता येत नाही. इंजिन बंद पडले तर वाऱ्याविरुद्ध परतायचे कसे? दोन माणसे आणि थोडे सामान, एवढीच हिची खरी क्षमता.

बाहेरचा धरदोर (हाताने धरायचा दोर) निम्म्या लांबीवरच संपतो आणि आत धरायला पट्टी नाही. पाण्यात पडलेल्याने मागून चढताना कशाला धरावे?

मागण्या अशा: डिंगी बदलून द्या किंवा पूर्ण रक्कम परत करा. आतला पडदा बाहेरून चिकटवता येत नाही, त्यामुळे दुरुस्ती स्वीकारणार नाही. याच खेपेतील इतर डिंग्यांच्या कड्या आणि पडदे तपासून खरेदीदारांना लेखी कळवा, आणि तोवर ओढून नेऊ नका असे सांगा. माहितीपत्रकातील ‘तीन माणसे’ बदलून ‘दोन’ करा.

१५ दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे.

आपला,
एक ग्राहक

सोबत: पावतीची प्रत, ठिगळाच्या दोन्ही बाजूंचे आणि प्लेटचे फोटो