अंगठ्याचा पट्टा ड्रॉवरमध्येच राहिला

गंगापूर रोड, नाशिक
रविवार, रात्र

चि. मनूस आईचे अनेक आशीर्वाद.

द्वारकेवरून बस सुटली, बाबा गाडी लावून वर येईपर्यंत मी तुझी खोली आवरायला घेतली. मधल्या ड्रॉवरमध्ये, जुन्या चार्जरखाली तुझ्या दुखऱ्या अंगठ्याचा पट्टा सापडला. तू ठेवलास की विसरलीस हे विचारत नाही. उद्या सकाळी पार्सल करते. चिवडा आणि आत्याने दिलेले बेदाणे त्यातच घालते, म्हणजे नुसता पट्टा आला म्हणून चिडणार नाहीस.

कालच्या भांडणाबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण "तुला ऑकारिना कळतो, स्मॅश कळत नाही" हे तुझं वाक्य डोक्यातून जात नाही. एक साहसाचा व्हिडिओगेम, दुसरा मारामारीचा, एवढं मला कळतं. मनू, तू स्मॅशमध्ये राजकन्या झेल्डा होऊन खेळतेस. झेल्डाच्या खास चालींच्या चार बटणांपैकी तीन ऑकारिनातून आली आहेत. ती तिथे काय होती हे माहीत असलं की इथे काय करत नाहीत तेही कळतं, आणि तुझ्या मॅच तू नेमक्या तिथेच घालवतेस.

ऑकारिना ऑफ टाइम नोव्हेंबर १९९८ चा, पहिला स्मॅश जानेवारी १९९९ चा. मध्ये जेमतेम दोन महिने. म्हणून पहिल्या स्मॅशमध्ये ऑकारिनातला फक्त नायक लिंक दिसतो, हिरवा अंगरखा, बूमरँग, बॉम्ब आणि गिरकीचा वार घेऊन. खरी भर पडली ती २००१ च्या दुसऱ्या स्मॅशमध्ये, म्हणजे 'मेले'मध्ये. झेल्डा, तिचंच वेषांतर शीक, खलनायक गॅननडॉर्फ आणि छोटा लिंक, चौघंही एकाच वेळी आले. झेल्डाला लढाईत उतरवायचं तर अडचण होती, कारण ऑकारिनातली राजकन्या हातघाईवर येतच नाही. मग स्मॅश बनवणाऱ्या साकुराईंनी डिनची आग, फॅरोरचा वारा आणि नायरूचं प्रेम तिला दिलं. ऑकारिनात या तिन्ही जादू लिंकच्या आहेत. परी त्याला देतात, झेल्डा त्यातली एकही वापरत नाही.

आता बघ. तिथे डिनची आग लिंकच्या भोवती गोल पसरते. सावलीच्या मंदिराच्या दाराशी सगळ्या मशाली एकदम पेटवायच्या असतात, त्या हिच्यानेच पेटतात. म्हणजे ती जवळची, अंगाभोवतीची आग. स्मॅशमध्ये मात्र ती लांब जाते, वरखाली वळवता येते, आणि बटण सोडलं की फुटते. तू ती समोरचा अंगावर आल्यावर टाकतेस, जणू गोल पसरून तुला वाचवेल. वाचवत नाही. आणि स्टेजबाहेर हवेत टाकलीस की स्टेजच्या कडेला परत येणं अवघड होतं. समोरचा स्टेजबाहेरून परत येत असेल आणि तू जमिनीवर उभी असशील, तेव्हाच ती टाकायची.

फॅरोरच्या वाऱ्याचंही तसंच. ऑकारिनात मंदिरात एक जागा ठरवून ठेवायची आणि हवं तेव्हा तिथे परतायचं. स्मॅशमध्ये जागा लक्षात राहत नाही, फक्त दिशा असते. नाहीशी होताना एक फटका, प्रकट होताना दुसरा, आणि दुसराच जोरदार. सरळ वर जाऊन प्रकट होणं, ज्याला तुम्ही मुलं एलेव्हेटर म्हणता, ते तुला छान जमतं. दादासुद्धा मान्य करतो. पण हुकलं की तू उघडी पडतेस, म्हणून पहिल्याच मिनिटाला दाखवून टाकू नकोस. समोरच्याला एकदा कळलं की तो ढाल धरून वाट बघतो.

नायरू ऑकारिनात काही वेळ इजाच होऊ देत नाही. इथे ती क्षणभराचा स्फटिक आहे. अंगावर आलेला बाण, बूमरँग किंवा फेकलेला बॉम्ब उलटा धाडते, आणि संपल्यावर तू उघडी. तुझ्या हॉस्टेलमधला तो सीनियर अल्टिमेटचा, म्हणजे तुम्ही खेळता त्या स्मॅशचा, लिंक खेळतो म्हणालीस. हा लिंक ब्रेथ ऑफ द वाइल्ड या झेल्डाच्या गेममधला आहे, त्याचा बॉम्ब रिमोटचा. स्टिक खाली करून बी दाबून काढतो, जमिनीवर ठेवतो, पुन्हा खाली बी दाबला की फोडतो. ठेवलेला बॉम्ब तुझ्याकडे येतच नसतो, तो उलटवणार कसा? त्यापासून लांब राहा किंवा स्वतःच उचलून फेक. अंतर जवळ असेल तर फोडताना तोही भाजतो, म्हणून चिकटून खेळलीस तर तो फोडायला कचरेल. आणि तो नुसता उभा किंवा चालत असताना त्याच्या हातातली ढाल समोरून येणारी अस्त्रं आपोआप अडवते. वार करत असताना अडवत नाही. तेवढीच फट असते.

चौथं बटण ऑकारिनातलं नाही. फँटमचं चिलखत झेल्डाच्याच २००९ च्या स्पिरिट ट्रॅक्स या गेममधून आलं. मेले आणि त्यानंतरच्या ब्रॉल या स्मॅशमध्ये त्या जागी शीकमध्ये रूपांतर होतं, २०१४ पासून दोघी वेगळ्या झाल्या. चिलखत जितकं पुरं जुळेल तितका वार मोठा, एवढं तुला माझ्यापेक्षा चांगलं येतं.

आता अंगठा. म्हटलं होतं शेवटी एक ओळ लिहीन. पण तुला दुखतंय आणि तू सांगत नाहीस, म्हणून एका ओळीत भागत नाही.

डावा अंगठा मुठीत घे आणि मूठ करंगळीच्या बाजूला हळूच वाकव. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला कळ आली तर तिथल्या टेंडनचं, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीचं, आवरण सुजलेलं असू शकतं. हे दिवसातून एकदाच बघायचं, दर तासाला नाही. मेडिकलमध्ये मिळतो तो नुसता मनगटाचा पट्टा घेऊ नकोस, त्यात अंगठा मोकळा राहतो आणि दुखणं तसंच. मी पाठवतेय त्यात अंगठ्यासाठी पट्टी आहे, ती हलू देत नाही. रात्री आणि अभ्यासाला बसताना घाल. खेळून झाल्यावर बर्फ रुमालात गुंडाळून दहा मिनिटं लाव.

दुखण्याचं मूळ तुझ्या खेळण्याच्या सवयीत आहे. स्मॅश नावाचा जोरदार वार काढायला तू डावी स्टिक झटकतेस आणि ए दाबतेस. प्रत्येक झटका त्याच टेंडनवर. पर्यायांमध्ये कंट्रोल्स उघड. उजवी स्टिक स्मॅश वारांना लाव. नको असेल तर ए आणि बी एकत्र दाबून स्मॅश काढायची सोय आहे, ती चालू कर. स्टिकने उडी बंद कर, म्हणजे वर ढकलताना चुकून उडी बसणार नाही आणि जोरही कमी लागेल. छोटी उडी हवी तर उडीची दोन्ही बटणं एकदम दाब, अर्धवट दाबायचा खटाटोप नको. आणि डिनची आग वळवताना स्टिक कडेला टेकल्यावर आणखी रेटू नकोस. काठाला टेकली की पुढचा सगळा जोर आगीला नाही, तुझ्या अंगठ्याला जातो.

हे सगळं नावाखाली साठवलं जातं. शनिवारी स्पर्धेत दुसऱ्याच्या कन्सोलवर बसशील तेव्हा आधी नाव बनव, कंट्रोल्स लाव, सरावात एकदा उडी आणि एकदा वार करून बघ, मगच हो म्हण. दोन मिनिटं लागतात. मागच्या वेळी घाईत हे राहिलं आणि पहिली गेम जुन्या बटणांवर खेळलीस, दादाने सांगितलं मला.

फारच उपदेश झाला. माफ कर. बाबा म्हणतात तुझी आई पत्र लिहायला बसली की लेक्चर देते, आणि तू त्यांच्याच बाजूची.

मला आठवतंय, थ्रीडीएसवर तू ऑकारिनाच्या शेवटाला आलीस तेव्हा आजी माळ हातात घेऊन त्या छोट्या पडद्यात डोकं घालून बसली होती. शेवटचा शत्रू गॅनन, त्याने तलवार आगीच्या रिंगणाबाहेर उडवली तशी तू रडायला लागलीस. आजी म्हणाली, "शेपटी बघ गं त्याची, शेपटीवर मार." गेममधलं एक अक्षर तिला ठाऊक नव्हतं, शेपटी तेवढी तिला दिसली. अल्टिमेटच्या साहसातला गॅनन समोर आला तेव्हाही त्याची नाजूक जागा शेपटीच होती. तू कंट्रोलर खाली ठेवून आजीच्या खुर्चीकडे बघितलंस. मी स्वयंपाकघरातून बघत होते, तुला कळलं नव्हतं.

तू चांगली खेळतेस, मनू. तुला तोंडावर कधी म्हटलं नाही. पण तो डावा हात लिहायचाही आहे, वर्षभर प्रॅक्टिकलच्या वह्या भरायच्या आहेत. शनिवारच्या आधी चार दिवस पूर्ण विश्रांती दिलीस तर हात टिकेल, सराव केलास तर सामन्याच्या मध्यातच बधिर होईल. याउपर तू ठरव. खरंच तू ठरव.

पार्सल मंगळवारपर्यंत पोचेल. पट्टा बेदाण्यांच्या पिशवीखाली आहे. अंगठ्याची पट्टी आतल्या बाजूने लावायची, मी पेनने बाण काढून ठेवला आहे. मिळाल्यावर फोन कर, आणि बोलताना तो हातात घातलेला असू दे.

तुझी,
आई