वाडीला येण्याआधी पाणी विचारा

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

नरसोबाच्या वाडीला श्रावणात, दक्षिणद्वाराच्या स्नानाला यायचं तुमच्या मनात आहे. तारीख आधी ठरवून तो योग साधत नाही, म्हणून सगळं नीट लिहिते.

देऊळ कृष्णेच्या अगदी पात्रालगत, औदुंबराखाली आहे. पंचगंगा तिथेच कृष्णेला मिळते. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती अशा पाच नद्यांचं पाणी ती घेऊन येते. पावसाळ्यात पाणी एकेक पायरी चढत देवळात शिरतं, दत्ताच्या मनोहर पादुकांवरून वाहतं आणि दक्षिणेच्या दारातून बाहेर पडतं. त्या बाहेर पडणाऱ्या पाण्यातलं स्नान म्हणजे दक्षिणद्वार सोहळा. पाणी वाढताना झाला तर चढता, ओसरताना झाला तर उतरता. पाणी पायरीभर कमी असेल तर पादुकांपर्यंत पोचत नाही, आणि फार वाढलं तर दारच बुडतं. त्यामुळे योग कधी काही तासांचा असतो, कधी रात्री-अपरात्री येतो. पुण्याहून बातमी ऐकून निघालात तर पोचेपर्यंत पाणी पुढे गेलेलं असण्याचीच शक्यता जास्त.

अंदाज घ्यायचाच असेल तर कोल्हापूरला पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघत जा. तिथे 39 फूट इशारा पातळी आणि 43 फूट धोका पातळी. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की पंचगंगा फुगते. त्याच वेळी कोयना धरणातून विसर्ग सुरू असेल तर कृष्णाही तुडुंब असते. मग पंचगंगेला उतार मिळत नाही, पाणी मागे तुंबतं. वाडीचं पाणी पाऊस थांबला तरी लगेच ओसरत नाही ते यामुळे. 2005, 2019 आणि 2021 साली तर पुरात रस्तेच बंद झाले होते. देऊळ पाण्याखाली गेलं की उत्सवमूर्ती वर नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात, पूजाअर्चा आणि दर्शन तिथे चालू राहतं.

आई, तुझ्या गुडघ्यांना ते स्नान झेपणारं नाही. गढूळ पाण्यात पायरीची कड दिसत नाही, खाली चिकट गाळ असतो, आणि मागून गर्दीचा रेटा. ओसरल्यावरही गाळ धुऊन काढेपर्यंत घाट निसरडाच. तेव्हा यंदा श्रावण सोडा, पौषात या. तेव्हा नदी खाली उतरलेली असते, घाट मोकळा असतो, ऊनही सोसण्यासारखं असतं. फक्त गुरुवार आणि पौर्णिमा टाळा. मार्गशीर्षातली दत्तजयंती आणि माघ वद्यातली गुरुप्रतिपदा हे वाडीचे मोठे उत्सव, त्या दिवसांत घाटावर उभं राहायलाही जागा नसते. 2028 ला गुरू कन्या राशीत गेल्यावर कन्यागत पर्व येईल, तेव्हा तर बघायलाच नको.

रेल्वेने जयसिंगपूरला उतरा, तिथून 15 किलोमीटरच्या आसपास. एक रात्र मुक्काम ठेवाच. तासाभरात दर्शन करून परत फिरणाऱ्याला वाडी कळत नाही. पहाटे काकड आरती, सकाळभर पंचामृत अभिषेक, साडेबाराच्या सुमाराला महापूजा, मग पवमान सूक्ताचं पठण, आणि रात्री पालखी. पालखीपुढे पुजारी मंडळी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या चालींत पदं म्हणतात, पालखी थांबते, पुन्हा सरकते. बाबा, फक्त तेवढ्यासाठी मुक्काम करावा असं ते ऐकणं आहे. थंडी नदीवरून येते, आईची शाल जवळ ठेवा. पायांत मोजे मात्र नकोत, ओल्या फरशीवर घसरतात. घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, म्हणून पाणी लोट्यात घेऊन वरच्या पायरीवर बसूनच पाय धुवा.

देवळावर कळस शोधू नका, नाही. आदिलशहाच्या मुलीला इथे दृष्टी आली आणि त्याने हे बांधकाम करवलं, अशी परंपरा सांगतात. पलीकडच्या औरवाडला, जुन्या अमरापुराला, अमरेश्वराचं देऊळ आहे. गुरुचरित्राच्या अठराव्या अध्यायातली घेवड्याच्या वेलाची गोष्ट तिथलीच. निघण्याआधी तेवढा अध्याय वाचून या, मग ताटातल्या घेवड्याच्या भाजीची चव वेगळी लागेल.

बासुंदी खायची ती तिथेच बसून. म्हशीचं दूध पसरट कढईत सतत ढवळत, कडेची साय खरवडून आत घेत निम्म्यावर आणतात, साखर शेवटी. आधी घातली तर दूध खाली लागतं आणि रंग तांबूस होतो. प्रवासात डबा तापला की ती आंबते. घरी न्यायला कंदी पेढे घ्या, कवठाची बर्फी दिसली तर तीही. शुगरच्या गोळ्या विसरू नका, बाबा.

दुसऱ्या दिवशी रिक्षा ठरवून कुरुंदवाडवरून खिद्रापूरला जा. कोपेश्वराचा स्वर्गमंडप वरून गोल उघडा आहे, ऊन थेट आत पडतं, म्हणून दुपारी बाराच्या आत-बाहेर पोचा. शंकराचं देऊळ असून समोर नंदी नाही. तो नदीपलीकडे येडूरला आहे, असं तिथले लोक सांगतील.

तारीख पंचांगात बघून मग कळवा, मी खोलीचं बघते.

तुमची,
लेक