पुस्तक सुचवताना आवृत्तीही सांगा

संपादक महोदय,

आपल्या 'सध्या काय वाचताय?' या सदरातल्या वाचकांच्या याद्यांत पुस्तकाचं नाव आणि लेखक एवढंच असतं. जुन्या पुस्तकांसाठी ते पुरत नाही. १८५७च्या उठावाच्या काळातल्या प्रवासाची हकीकत सांगणारा गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' घ्या. चिं. वि. वैद्यांनी १९०७ साली तो छापला, पण मजकुरावर बरीच कात्री आणि लेखणी चालवून. मूळ हस्तलिखितावरून द. वा. पोतदारांनी काढलेली आवृत्ती १९६६ची. झाशीच्या वेढ्याचं वर्णन भटजींच्याच भाषेत हवं असेल तर पोतदारांचीच घ्यावी. वैद्यांची सफाईदार, वाचायला सोपी, इतकंच. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'चंही तसंच. बाजारात संक्षिप्त प्रतही मिळते, आणि मुखपृष्ठावरचा 'संक्षिप्त' शब्द घाईत नजरेतून सुटतो. ऑनलाइन मागवताना तर हमखास!

म्हणून शीर्षकपानामागचा मजकूर आधी पाहावा: संपादक कोण, आवृत्ती कितवी, मजकूर संपूर्ण की निवडक. ऑनलाइन त्या पानाचा फोटो नसेल तर विक्रेत्याकडे मागावा. अनुवाद असेल तर अनुवादकाचं नाव यादीत हवंच. एकाच कादंबरीचे दोन अनुवाद वाचताना दोन वेगळी पुस्तकं वाटू शकतात. आपल्या सदरात पुस्तकाच्या नावापुढे संपादक किंवा अनुवादक, प्रकाशक आणि वर्ष छापावं, ही विनंती. एक ओळ वाढेल, वाढू द्या.

– एक वाचक