इंजेक्शन बसवा, पण पाइपही बदला

महोदय,

माझ्याकडे वडिलांची १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी आहे, १०८९ सीसीची. गेल्या वर्षी तिचा कार्ब्युरेटर (पेट्रोल-हवा मिसळणारा जुना भाग) काढून थ्रॉटल बॉडी इंजेक्शन, म्हणजे पेट्रोल दाबाने फवारणारी यंत्रणा, बसवून घेतलं. ऐन थंडीतही चोक न ओढता गाडी सुरू होऊ लागली. हा आनंद आठच दिवस टिकला. बोनेटखालून पेट्रोलचा वास येऊ लागला. पाहतो तर नव्या इलेक्ट्रिक पंपाला जुनाच रबरी पाइप जोडलेला, त्याला साधी क्लिप, आणि सायलेन्सरचा तापलेला पाइप तिथून बोटभर अंतरावर!

मूळ यांत्रिक पंपाचा दाब अगदी कमी असतो. अशा इंजेक्शनला सहसा तीन-चार बार (बार हे दाबाचं एकक) लागतो. तेवढ्या दाबाखाली पाइप फुटला तर पेट्रोल ठिबकत नाही, फवारा उडतो. घरची माणसं याच गाडीत बसतात, हे मेकॅनिकच्या मनात आलं नसेल का?

दुसऱ्या कारागिराने सगळं उकललं. जास्त दाबाचा पाइप, टाकीपर्यंत परतीची लाइन, इंजिन बंद पडताच पंप थांबवणारा रिले, म्हणजे विजेचा स्विच. नव्या वायरी त्याने जुन्या हार्नेसला (वायरींच्या जुडग्याला) लागून कापडी टेपने गुंडाळल्या आणि जुन्याच रबरी बुचातून आत घेतल्या. पत्र्याला एकही नवं भोक पाडलं नाही. चार दिवस लागले.

गॅरेजवाल्यांना कळकळीची विनंती, किट बसवताना पाइप आणि क्लिपांचे पैसे वेगळे सांगा. आम्ही देऊ. कार्ब्युरेटर मी तेलाच्या फडक्यात गुंडाळून जपून ठेवला आहे.

– एक पद्मिनीमालक, पुणे