चार्लीच्या बुटामागची माणसं

ती. आप्पांना सा. न.,

मागच्या फोनवर तुम्ही विचारलंत की पोरं एवढी कशाला खिदळतायत, तर चार्ली चॅप्लिनचा 'द गोल्ड रश' लावला होता आणि नेमका बूट खायचा सीन चालू होता. त्या सीनच्या मागे काय आहे ते फोनवर धड सांगता येत नाही, आणि तुम्हाला तर सांगायचंच होतं, म्हणून आज निवांत बसून लिहितेय.

आमच्या सॅक्रामेंटोपासून गाडीने दोनेक तासांवर सिएरा नेवाडाच्या डोंगरात ट्रकी म्हणून गाव आहे, आणि गावाजवळ डॉनर लेक. १८४६ मध्ये इलिनॉयहून बैलगाड्या घेऊन कॅलिफोर्नियाला निघालेली माणसं या तळ्याकाठी बर्फात अडकली, त्यांनाच डॉनर पार्टी म्हणतात. सोनं सापडलं १८४८ ला, म्हणजे ही माणसं सोन्यामागे नव्हती, शेतकरी, कारागीर असे लोक होते, जमीन मिळेल, पोरांचं भलं होईल म्हणून बिऱ्हाड गाडीत घालून निघालेले. वाटेत एका नव्या शॉर्टकटच्या नादी लागले, त्याची जाहिरात करणारा हेस्टिंग्स नावाचा माणूस होता, आणि त्या वाटेने डोंगर फोडत, मिठाचं वाळवंट तुडवत यांचे आठवडेच्या आठवडे गेले, बैल मेले, आणि घाटाच्या पायथ्याला पोचले तोवर बर्फ पडायला लागलेला. ८७ माणसं होती, त्यातली निम्मी पोरंबाळं, आणि शेवटी चाळीसच्या आसपास गेली.

तिथे एक स्मारक आहे, आईबाप आणि लेकरं असा ब्राँझचा पुतळा, आणि त्याचा दगडी चौथराच २२ फुटांचा. त्या वर्षी बर्फ इतका चढला होता असं सांगतात. खाली उभं राहून वर बघितलं की पोटात गोळा येतो हो. झोपड्यांच्या छपरावर बैलांची कातडी घातलेली, तीच हळूहळू काढून, केस भाजून, उकळून त्याची खळ व्हायची आणि ती प्यायची. रीड म्हणून एक कुटुंब होतं, त्यांनी लाडका कुत्रा कापला आणि त्याच्यावर आठवडाभर काढला, हे त्या घरातल्या मुलीने, व्हर्जिनियाने, सुटका झाल्यावर चुलत बहिणीला पत्रात लिहिलंय. तेरा-चौदा वर्षांची पोर. त्याच पत्रात ती बहिणीला सांगते की कधी शॉर्टकट घेऊ नका आणि जमेल तेवढं भराभरा चला.

डिसेंबरात १७ जण मदत आणायला निघाले, दोघं मागे फिरले, बाकीचे घाटात वादळात सापडले, आणि पलीकडे जिवंत पोचले सातच, दोन पुरुष आणि पाच बाया. त्या वाटेवर माणसांनी मेलेल्या माणसांचं मांस खाल्लं. आणि लुईस आणि साल्वादोर म्हणून दोन मिवोक आदिवासी होते, हे दोघं मूळचे त्यांच्यातले नाहीतच, घाटापलीकडच्या सटर्स फोर्ट नावाच्या ठाण्याहून अन्न घेऊन मदतीला आलेले, त्यांना मात्र खाण्यासाठी गोळ्या घालून मारलं. हे मला फार लागलं आप्पा. या दोघांची नावं प्रत्येक वेळी घेतली पाहिजेत असं मला वाटतं, आणि याच्यावर कोणी विनोद करू शकेल असं मला वाटत नाही, चार्लीनेही केलेला नाही.

चार्लीला ही गोष्ट कशी मिळाली ते त्याने आत्मचरित्रात लिहिलंय. त्याचा मित्र, नट डग्लस फेअरबँक्स, याच्या घरी तो स्टिरिओस्कोपमधून, म्हणजे फोटो उठावदार दाखवणाऱ्या दुर्बिणीसारख्या यंत्रातून, फोटो बघत होता, अलास्कातल्या चिलकूट घाटाचे, सोनं शोधायला निघालेली माणसं मुंग्यांसारखी एकामागे एक बर्फ चढतायत. तिथून डोक्यात चक्र सुरू झालं आणि मग त्याने डॉनर पार्टीवरचं पुस्तक वाचलं, त्यात भुकेपोटी पायताणं भाजून खाल्ल्याचं होतं. आकडे त्याने आत्मचरित्रात चुकीचे दिलेत, १६० पैकी १८ वाचले म्हणतो, पण पायताणं त्याला बरोबर लक्षात राहिली, कारण बूट त्यातूनच आला. संकटापुढे आपण हतबल असतो तेव्हा हसायचं, नाहीतर वेड लागेल, अशा अर्थाचं तो तिथे लिहितो, आणि लंडनच्या वर्कहाऊसमध्ये, म्हणजे निराधार गरिबांना ठेवायच्या जागेत, लहानपण काढलेल्या माणसाने लिहिलंय म्हणून मी ते खरं धरते.

१९२४ च्या एप्रिलमध्ये तो शूटिंगला ट्रकीलाच आला, म्हणजे त्या तळ्याच्या अगदी शेजारी. बर्फात वाट खोदली आणि घाट चढायला सुमारे ६०० माणसं सॅक्रामेंटोहून रेल्वेने आणली, बहुतेक फिरस्ते, बेघर लोक. सिनेमाच्या सुरुवातीला ती काळी रांग दिसते ना, ती हीच माणसं. बाकीचा बर्फ हॉलीवूडच्या स्टुडिओत केला, मीठ आणि पीठ वापरून. आणि अजून एक, १९२५ ला सिनेमा आला तेव्हा त्या तळ्याकाठून वाचलेली एक बाई हयात होती! इझाबेला ब्रीन, बर्फात अडकले तेव्हा वर्षाचं बाळ होती, १९३५ ला गेली.

आता बुटाचा सीन. थँक्सगिव्हिंगचं, म्हणजे इथल्या सणाचं, जेवण म्हणून चार्ली बूट शिजवतोय, काट्याने टोचून शिजला का बघतो, त्याच्यावर पळीने रस सोडतो, ताटलीत काढतो आणि वरचं कातडं तळव्यापासून असं अलगद सोडवतो जसा काही मासा सोलतोय. नाड्या काट्याला गुंडाळून खातो, खिळे हाडासारखे चोखतो, आणि समोर त्याच्यासोबत झोपडीत अडकलेला बिग जिम, म्हणजे नट मॅक स्वेन, तोंड वाईट करून चावतोय. तो बूट लिकोरिसचा, म्हणजे ज्येष्ठमधाच्या काळ्या मिठाईचा केलेला होता. मी हा सीन कितीदा बघितला असेल, आणि मला दरवेळी वाटतं की हसू येतं ते त्याच्या भुकेचं येतच नाही, हसू येतं त्याच्या रीतीभातीचं. पोटात काही नाही पण पाहुण्याला वाढायची पद्धत सोडत नाही माणूस. आणि पुढे किती वेळ त्याच्या त्या पायाला चिंध्या गुंडाळलेल्या दिसतात, म्हणजे जेवण झालं तरी ते विसरू देत नाही तो आपल्याला.

नंतर जिमला भुकेने चार्ली कोंबडी दिसायला लागतो. पोरं इथे लोळतात हसून. पण तो दोस्ताला खायला निघालेला माणूस आहे, म्हणजे घाटात जे झालं तेच, फक्त चार्लीने ते भासात घातलं. ट्रिक कॅमेऱ्यातच केली, प्रतिमा काळोखात विरवायची, फिल्म मागे गुंडाळायची, त्याच जागी कोंबडीच्या वेषात उभं राहून परत घ्यायचं, आणि त्या वेषातही चार्लीच. आवाज असता, जिम ओरडला असता, तर मला वाटतं भीतीच वाटली असती. मुका आहे म्हणून बूट मासा होऊ शकतो आणि माणूस कोंबडी, कारण समोर नुसते हावभाव आहेत आणि बाकीचं आपण भरायचं.

आणि आप्पा, मला बहात्तरचा दुष्काळ आठवला, म्हणजे तुमचा. तुम्ही आणि आत्या पाझर तलावाच्या कामावर, आणि घरात ती अमेरिकेतून आलेल्या मिलो ज्वारीची लाल भाकरी. तुम्ही सांगता ना, आजी ती भाकरी वाढताना म्हणायची, "आज पुरणपोळी हाय, तूप सांगून घ्या", आणि तुम्ही सगळे हसायचात, आणि थोरले आजोबा खरंच म्हणायचे, "बास बास, तूप जास्त झालं". लहानपणी मला ते नुसतं गमतीचं वाटायचं. आता वाटतं आजी तेच करत होती जे चार्ली त्या बुटाचं करतो, आणि तिने त्याचा एकही सिनेमा बघितला नसणार. हे तुम्ही दादाच्या पोरांना सांगा प्लीज, आजीच्या बोलीत, जसंच्या तसं.

सिनेमा नेटवर फुकट मिळतो. दोन प्रती आहेत, १९४२ ला चार्लीने स्वतः निवेदन आणि संगीत घालून परत काढला, ती नका लावू, त्यात तो सगळं बोलून सांगतो. १९२५ ची मुकी लावा, पाट्या इंग्रजीत आहेत पण थोड्याच, दादा वाचून दाखवेल. आत्यालाही बोलवा, आणि बघून झाल्यावर रविवारी फोन करा, मला आत्या काय म्हणते ते ऐकायचंय. आईला नमस्कार, गुडघ्याच्या गोळ्या वेळेवर घ्यायला सांगा.

तुमची,
सुमी