लॅबवाल्या काकांना, ‘काय शे?’ विचारल्याबद्दल

काका,

नमस्कार. तुमचं नाव इथे लिहित नाहीये, शाळेचं पण नाही, कारण आपलं नाव असं चारचौघांत आलेलं तुम्हाला आवडणार नाही हे मला पक्कं माहितीये. पण दुसऱ्या मजल्यावर जिन्याच्या टोकाला जी सायन्स लॅब होती आणि तिथे निळा शर्ट घालून परीक्षानळ्या धूत बसलेले जे काका होते ते तुम्हीच, आणि हे पत्र वाचलंत तर दुसऱ्या ओळीतच ओळखाल की ही कोण लिहितेय.

मी ‘शे’.

२००४ च्या जूनमध्ये वडलांना भोसरीला कंपनीत काम लागलं म्हणून आम्ही धुळ्याकडचं पिंपळनेर सोडून आलो आणि मी सातवीत तुमच्या शाळेत आले. पहिल्या दिवशी सरांनी गाव विचारलं आणि मी उभी राहून सांगितलं, मनं गाव पिंपळनेर शे. बस एवढंच. अख्खा वर्ग हसला. मला आधी कळेचना की हसतायत कशाला, आमच्या अहिराणीत ‘शे’ म्हणजे ‘आहे’, आमच्याकडे तर सगळेच असं बोलतात, साक्री तालुक्यात ‘आहे’ म्हणणारा माणूस म्हणजे एकतर मास्तर नाहीतर बँकेतला साहेब. त्या दिवसापासून माझं नाव ‘ए शे’ पडलं आणि ते दहावी संपेपर्यंत गेलं नाही.

मी काय केलं तर बोलणंच बंद केलं. डब्यात आई कळण्याची भाकर आणि ठेचा द्यायची, बाकीच्यांची पोळीभाजी, म्हणून डबा पण सगळ्यांत बसून उघडायची नाही, जिन्यात वरती जाऊन खायचे कारण तिकडे कोणी येत नसे. तुम्ही यायचात. तुम्ही तीनचार दिवस मला बघितलं, काही बोलला नाहीत, आणि मग एक दिवस म्हणालात की हात धुतलेस का, मग ये, या काचपट्ट्या पुसायच्यात. का बसलीस एकटी, मैत्रिणी नाहीत का, मिसळायला शीक, यातलं काहीच नाही. काका, हे मला आज किती मोठं वाटतं ते कसं सांगू. तोपर्यंत ज्या ज्या मोठ्या माणसाला माझी काळजी वाटली त्याने मला बदलायलाच सांगितलं होतं, प्रेमानेच सांगितलं होतं, बाई म्हणायच्या जरा शुद्ध बोलायचा प्रयत्न कर म्हणजे त्रास देणार नाहीत, आत्या म्हणायची त्यांच्यासारखी राहा. तुम्ही मला काम दिलंत.

मग महिनाभराने तुम्ही मायक्रोस्कोप लावून दिलात. बाटलीत सुकं गवत भिजत घालून ठेवलं होतंत, चार दिवसांनी त्याचा एक थेंब काचेवर घेतलात आणि मला म्हणालात, बघ आणि सांग काय दिसतंय. मी गप्प. तुम्ही परत विचारलंत. मी अजून गप्प, कारण तोंड उघडलं की ‘शे’ बाहेर येणार ही भीती. तुम्हाला ते कळलं असणार कारण तिसऱ्यांदा तुम्ही विचारलंत, “काय शे?”

हसत नव्हतात तुम्ही. वर्गात पोरं तोच शब्द वाकडा करून म्हणायची आणि तुम्ही सरळ म्हणालात, जसा आमच्या ओट्यावर म्हणतात तसा. आणि मी सांगत सुटले, चपलेसारखं काहीतरी पळतंय, मधेच अडकलं की मागे सरतं आणि वळून दुसऱ्या वाटेने जातं, कडेला बारीक बारीक केस हलतायत. ते पॅरामेशियम होतं. नाव तुम्ही नंतर सांगितलंत, आधी मला जे दिसलं ते सगळं सांगू दिलंत. नंतर चार वर्षं मधल्या सुट्टीत लॅबमध्ये पाय ठेवला की तुमचा पहिला प्रश्न तोच असायचा, काय शे? शाळेत तो शब्द मला दोन ठिकाणी ऐकू यायचा, एका ठिकाणी पोटात गोळा यायचा आणि दुसऱ्या ठिकाणी बरं वाटायचं.

आता कांद्याच्या पापुद्र्याची गोष्ट. आठवीतलं प्रॅक्टिकल, आयोडीनचा थेंब टाकून पेशी बघायच्या आणि वहीत काढायच्या. आमच्या ग्रुपमध्ये आठ जण होतो, सातांनी बघितलं आणि एक मोठं गोल, जाड काळ्या काठाचं, काढून त्याला केंद्रक असं नाव दिलं. मी बघितलं तर मला काही ते केंद्रक वाटेना, केंद्रक असतं बारीक आणि बहुतेक पेशींत भिंतीला सरकलेलं, आणि ते गोल तर तीन पेशींच्या अंगावर पसरलेलं. मी कशीबशी म्हणाले की हे नाही. तर सगळे, ए शे, तुला काय कळतं. मी खोडरबर घेतलं, माझं चित्र पुसायला. तुम्ही मागून येऊन डोळा लावलात आणि म्हणालात, हिचं बरोबर आहे, तो हवेचा बुडबुडा आहे. आणि मला म्हणालात, पुस्तकातलं काढू नको, शेजारणीचं पण काढू नको, दिसतंय ते काढ.

पाच सेकंदांचं काम असेल ते तुमच्यासाठी. पण मागच्या वर्षी आमच्या लॅबमध्ये चुका कशा होतात यावर एक ट्रेनिंग झालं, त्यात सॉलोमन ॲश नावाच्या मानसशास्त्रज्ञाचे १९५० च्या दशकातले प्रयोग सांगितले आणि मी तिथे बसल्याबसल्या थेट कांद्याच्या पापुद्र्यावर पोचले. प्रयोग अगदी साधा. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन, त्यातली सारख्या लांबीची कुठली ते सांगायचं, लहान पोर पण सांगेल. फक्त खोलीतले बाकीचे सगळे आधीच पढवलेले, ते ठरवून एकच चुकीचं उत्तर देतात. तर सुमारे पाऊण लोकांनी निदान एकदा तरी डोळ्यांना दिसत असूनही बाकीच्यांसारखं चुकीचं उत्तर दिलं. पण मला जे भिडलं ते पुढचं. पढवलेल्यांतल्या एकाने जरी बरोबर उत्तर दिलं ना, नुसत्या एकाने, तर लोकांचं असं चुकणं साधारण पाव पट उरायचं. एक माणूस पुरतो काका. बहुमत लागत नाही. माझ्याकडे तो एक माणूस चार वर्षं रोज मधल्या सुट्टीत होता.

आणि हे पण आठवलं की वर्गात पोरं हसायची तेव्हा मी बघत असायचे. जो बोलत नाही त्याला दुसरं करण्यासारखं असतं काय, तो बघत बसतो. पन्नासातले खरोखर मजा वाटून हसणारे चारपाचच असायचे, बाकीचे आधी त्यांच्या तोंडाकडे बघायचे आणि मग हसायचे. अर्ध्या सेकंदाचा फरक, पण दिसायचा. तेव्हा ते बघून दुःख कमी झालं नाही, खोटं कशाला सांगू, पण सवय लागली. कोण आधी बोलला आणि कोण त्याच्यामागे बोलला ते आपोआप दिसतं मला आता, आणि माझ्या कामात याचा इतका उपयोग होतो की तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मी डीएमएलटी केलं काका. रक्ताच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. दोन पावसाळ्यांमागे एका माणसाचा सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, आला, मशीनने प्लेटलेट दाखवल्या २८ हजार, फारच कमी. डेंगीचे दिवस, त्यात प्लेटलेट उतरतात, रोज असे पाचदहा येत होते, त्यामुळे सगळ्यांचं मत झालं की डेंगीच. परत लावलं तर ३१ हजार, मग तर शंकाच नको, दोनदा तेच आलं. सिनियर म्हणाले रिपोर्ट सोड, डॉक्टर फोनवर वाट बघतायत, ॲडमिट करायचंय. मला एकच गोष्ट टोचत होती की दोनदा जे तेच आलं ते एकाच नळीतलं होतं, म्हणजे दुसऱ्या वेळचं मशीन पहिल्याच्या मागे बोललं. माणूस समोर खुर्चीत बसलेला, ताप नाही, अंगावर डाग नाहीत. मी म्हटलं दहा मिनिटं द्या, स्मिअर बघते, म्हणजे रक्ताचा थेंब काचेवर पसरून मायक्रोस्कोपखाली. आणि स्लाइडच्या शेपटाकडे प्लेटलेटचे गठ्ठेच्या गठ्ठे. जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए असतं, काही थोड्या लोकांच्या प्लेटलेट त्याच्यातच एकमेकींना चिकटतात, मशीन गठ्ठा मोजत नाही, म्हणून आकडा खोटाच कमी येतो, माणसाला काही झालेलं नसतं. निळ्या झाकणाच्या सायट्रेटच्या नळीत परत रक्त घेतलं, त्यातल्या द्रवामुळे रक्त थोडं पातळ होतं म्हणून आलेल्या आकड्याला १.१ ने गुणलं, तर १ लाख ९० हजार. नॉर्मल. तो माणूस रात्री घरी जाऊन जेवला.

दर वेळी मी बरोबर असते असं नाही. एकदा असाच एक रिपोर्ट मी तासभर अडवला आणि काहीच निघालं नाही, नातेवाईक चिडले, आणि त्यांचं चिडणं योग्यच होतं. पण सगळे एक म्हणत असताना ‘थांबा, मला वेगळं दिसतंय’ म्हणायला जी भीती लागते ती माझी सातवीतच खर्च होऊन गेली. सगळ्यांनी हसून झालंय, त्याच्यापुढे अजून काय होणार.

एक दुसरी गोष्ट. रक्त घ्यायच्या खिडकीवर एक आजी आल्या, मुलगा सोबत, उपाशीपोटी साखर तपासायची होती. उपाशी आहात ना विचारलं तर नुसती मान हलवत होत्या, होला पण आणि नाहीला पण. मुलगा वैतागला. मी लुगड्याची नेसण बघितली आणि विचारलं, कोनता गावनी शे वं माय? त्यांनी माझा हात धरला तो सोडेचनात. दहिवेलच्या निघाल्या, आमच्या शेजारच्याच. मग हळूच सांगितलं की सकाळी साखरेचा चहा आणि दोन बिस्किटं खाल्लीत, पण मुलाने सुट्टी काढलीय म्हणून ओरडेल, त्यामुळे बोलल्या नाहीत. तपासणी दुसऱ्या दिवशी केली. ज्या बोलीची मला चार वर्षं लाज वाटवली गेली ती नसती तर त्या दिवशी एक चुकीचा आकडा कागदावर छापून गेला असता आणि गोळ्या सुरू झाल्या असत्या.

पण मला एक आवडत नाही काका, आणि तुम्हालाही आवडणार नाही म्हणून सांगते. हल्ली लोक म्हणतात वेगळं असणं म्हणजे वरदान. तसं सरसकट नसतं. कोर्समध्ये सिकलसेलची स्लाइड पहिल्यांदा बघितली, सगळ्या गोल पेशींत विळ्यासारख्या वाकड्या पेशी. आमच्या धुळे-नंदुरबारकडे आदिवासी पाड्यांवर हा आजार आहे. शिकवताना सांगितलं की आईबापांपैकी एकाकडूनच ते जनुक आलं तर माणूस वाहक होतो, आणि अशा वाहकांना गंभीर मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं, अँथनी ॲलिसन या डॉक्टरांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून हे मांडलं. ऐकून मला फार बरं वाटलं होतं, मला वाटलं ही आपलीच गोष्ट. पण नंतर दोन्हीकडून जनुक आलेल्या मुलांना वेदनेने कळवळताना बघितलं आणि ती तुलना मी मनातून काढून टाकली. तोच वेगळेपणा कुणाला राखतो आणि कुणाला मोडतो. माझ्या वर्गात अजून एक मुलगा होता, बाहेरचाच, तोतरा बोलायचा, नववीत शाळा सोडून गेला. तो वेगळेपणात माझ्यापेक्षा कमी नव्हता आणि हुशारीत तर नक्कीच नव्हता. तो कधी दुसऱ्या मजल्यावर आला नाही. मी पण त्याला कधी बोलावलं नाही, ते मला अजून लागतं.

म्हणून आभार वेगळेपणाचे नाही मानत, तुमचे मानते. तुम्ही मला दहावीला जाताना जुना स्लाइडचा लाकडी डबा दिलात, एक कोपरा तुटलेला, तो अजून माझ्याकडे आहे. त्यात आता त्या प्लेटलेटच्या गठ्ठ्यांची स्लाइड आहे, नवीन पोरापोरींना दाखवते. नाव आधी सांगत नाही.

मागच्या मे महिन्यात शाळेत गेले होते तुम्हाला भेटायला. ऑफिसात कळलं की रिटायर होऊन गावी गेलात, फोन नंबर जुना निघाला. लॅबला कुलूप होतं, सुट्टी होती ना, पण जिन्यात जाऊन पाच मिनिटं बसले. तुम्ही एवढी वर्षं मला माझ्या बोलीत विचारत राहिलात आणि तुम्हाला मी एकदाही उलट विचारलं नाही, हे तिथे बसल्यावर लक्षात आलं. म्हणून आत्ता विचारते.

काका, कसा शेतस तुम्ही?

तुमची,
शे